दाखवण्यापुरती माणसं

आधीच सांगून टाकतो, मी थापाड्या माणूस आहे.

एक एप्रिलला माझा फोन पनवेलात कोणी उचलत नाही. सख्खी बायकोसुद्धा नाही. चुलतभावाच्या साखरपुड्यात मी खोटा भटजी उभा केला होता, ते प्रकरण सुकापूरला अजून निघतं. वय बावन्न झालं, पण खाज काही जात नाही.

त्यामुळे मी "खरं सांगतो" म्हटलं की लोक आधीच दात काढतात. काढा.

पण हे घडलंय. माझ्यासमोर घडलंय. यात जी थाप आहे ती माझी आहे, कबूल. बाकीचं कोणाचं... ते मला अजून कळलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीतला तिसरा शुक्रवार. न्यू पनवेलचं एक रो-हाऊस, खाली हॉल आणि किचन, वर एक खोली. संध्याकाळचे सव्वासहा. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. रात्र-बित्र काही नव्हती.

रात्र असती तर निदान अंधाराला नाव ठेवता आलं असतं.

घर बेला टीचरचं. त्यांनी आम्हाला सातवीत गणित शिकवलं. खडू फेकून मारायच्या, आणि नेम कधी चुकला नाही. बहुतेक खडू मीच खाल्ले. टीचर ज्यू, मूळच्या इकडच्याच, मराठी आपल्यापेक्षा चोख. मूलबाळ नाही. त्यांचे यजमान शमुएल सर, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. भावाची मुलगी तोवा तिकडे इस्रायलला असते. नात्यातली ती एकटीच उरलेली.

गेल्या वर्षी टीचर बाथरूममध्ये दोनदा पडल्या.

दुसऱ्यांदा पडल्या तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. सकाळी सातला कामवाली सोनाबाई आली, तेव्हा सापडल्या.

बारा तास. ओल्या फरशीवर.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना सरळ सुकापूरला माझ्या घरी आणलं. तोवाचा रोज फोन.

"धनेशदादा, घर विका आणि आत्याला विमानात बसवा. मी इथे खोली तयार ठेवलीय. तिसऱ्यांदा पडली तर..."

पुढचं ती बोलली नाही. मी म्हटलं, "शब्द देतो. मार्चच्या आत बसवतो."

आता घर विकायचं म्हणजे आधी एजंट शोधायचा. पनवेलात दगड उचलला की एजंट निघतो. माझं कळंबोलीला ट्रकच्या नंबरप्लेटचं दुकान आहे, माणसं ओळखण्यात आयुष्य गेलंय. तरी म्हटलं, परीक्षा घेऊ.

दोघं निवडले. एक विश्वजीत, बूट चकाचक, हातात टॅब. दुसरा आमच्या सुकापूरचाच प्रणित, पायात सँडल, खिशात विड्याचं पान. दोघांनाही वेगवेगळं गाठून कानात सांगितलं, "जिन्याखाली पाणी झिरपतं. गिऱ्हाईकाला बोलू नका."

झिरपत काहीच नव्हतं. मग माझा मित्र गणू याला खोटं गिऱ्हाईक बनवून दोघांकडे सोडला.

विश्वजीत गणूला म्हणाला, "सर, एकदम कोरडं घर. लिहून देतो."

प्रणित म्हणाला, "मालक सांगू नको म्हनला, पन जिन्याखाली ओल हाय असं तोच बोलतो. मी हात लावून बगितला, मला नाय लागली. तुमी लावून बगा."

झालं. घर प्रणितकडे.

नंतर त्याला खरं सांगितलं तर मला म्हणतो, "दादा, तुमाला कामधंदा नाय काय?"

पण घर काही विकलं जाईना.

घर सोडावं लागणार म्हणून टीचरने रागाच्या भरात सगळं सामान वाटून टाकलं होतं. पलंग सोनाबाईला, कपाटं शेजाऱ्यांना. गॅसचं कनेक्शन परत केलेलं. उरला जुना फ्रिज, एक सागवानी टेबल आणि त्याची खुर्ची. नऊ गिऱ्हाईकं आली. नऊही जण हॉलमध्ये उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "कळवतो."

प्रणित म्हणाला, "रिकाम्या घरात गिऱ्हाईक सोताचाच आवाज ऐकतो न् बिचकतो. घरात मानसं पायजेत, दादा. निदान हायेत असं वाटलं पायजे."

"मग ठेवू की माणसं."

"भाडेकरू? ते बसले तर उठनार नायत."

"अरे, खरे कोण ठेवतोय?"

माझे डोळे चमकले असणार. कारण प्रणितने कपाळाला हात लावला.

दोन दिवस मी असा काही रमलो, काय सांगू! बाप, आई आणि सात वर्षांची पोरगी. अख्खं कुटुंब उभं केलं. बाथरूममध्ये तीन टूथब्रश. खुंटीवर माझा जुना चौकटीचा शर्ट. वरच्या खोलीत दोरीवर माझ्या बायकोचा, दिपिकाचा गाऊन. वर जमिनीवर गादी आणि तीन उशा. दारात लहान लाल चपला, त्या बाजारातून नव्या आणल्या आणि विटेवर घासून जुन्या केल्या. कळंबोलीच्या दुकानाशेजारच्याकडचं दप्तर. फ्रिजवर चिकटवायला एक चित्र मी स्वतः डाव्या हाताने काढलं. घर, सूर्य, आणि घरापुढे तिघं हात धरून.

हे मुद्दाम सांगतोय. एका घरातलं, एका मेलेल्या माणसाचं वगैरे सामान नव्हतं ते. दहा ठिकाणचं दहा. नंतर मी यावर फार डोकं खाजवलंय.

"गिऱ्हाईकाला काय सांगू?" प्रणितने विचारलं.

"भाडेकरू आहेत, आत्ताच बाहेर गेलेत."

"नाव विचारलं तर?"

"नवरा कमळाकर. पोरगी अंकिता."

"न् बायको?"

"बायकोचं नाव कोण विचारतंय?"

हसलो आम्ही. खूप हसलो.

पहिल्याच रविवारी दोन गिऱ्हाईकं आली. दोघंही अर्धा अर्धा तास थांबले! प्रणितचा फोन आला, खूश होता. मग म्हणाला, "पन दादा, तुमी बाथरूममदी कोनाला बसवला व्हता?"

"कोणाला?"

"नळ चालू व्हता आतून. कडी लावलेली. गिऱ्हाईक बोलला, ताई आंघोळीला गेल्यात वाटतं, आमी नंतर बगतो."

मी टाळी दिली मनातल्या मनात. म्हटलं, प्रणित शिकला. मलाच बनवतोय.

पुढच्या शनिवारी भर दुपारी मी एकटा गेलो. रोजच्या वापरातला दिसावा म्हणून टॉवेल ओला करायचा होता.

टॉवेल ओलाच होता.

टूथब्रश बघितले.

तिन्ही ओले... आणि लहान ब्रशचे केस चावलेले. पोरं चावतात ना, तसे.

मी हसलो. मोठ्याने हसलो, कोणी लपून बघत असेल तर ऐकू जावं म्हणून. कोणी हसलं नाही.

प्रणितला फोन लावला. "बस झालं रे. भारी होतं."

"काय भारी?"

"ब्रश."

"दादा, माजी चावी मंगळवारीच तुमच्याकडं दिलीय मी. मी अलिबागला हाय, मेवनीकडं."

चावी माझ्या खिशात होती. दोन्ही चाव्या.

आणि तेवढ्यात मला वास आला. कांदा-लसणाची फोडणी. किचनमधून...

त्या किचनमध्ये गॅस नव्हता. काडेपेटीसुद्धा नव्हती. मी किचनच्या दारापर्यंत गेलो. ओटा कोरडा, स्वच्छ. वास मात्र असा, की तोंडाला पाणी सुटावं.

मी बाहेर पडलो. कुलूप लावून तीनदा ओढून बघितलं, खोटं कशाला बोलू. दारातल्या लाल चपला मी टोकं रस्त्याकडे करून ठेवल्या होत्या. आता त्यांची टोकं घराकडे होती. बाहेरून येऊन घाईत काढाव्यात तशा.

सामान तेव्हाच उचलायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी गिऱ्हाईक पक्कं झालं.

रविवारी घर बघून गेलेली कामोठ्याची कीर्ती आणि तिचा नवरा. त्यांना घर इतकं आवडलं होतं की कीर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "घरात शिरल्या शिरल्या बरं वाटलं हो. भरलेलं घर आहे." फक्त सासूबाईंना दाखवायचं बाकी. शुक्रवारी साडेसहाला येतो म्हणाले.

मी टीचरचं तिकीट काढलं. पुढच्या गुरुवारचं. तोवा फोनवर रडली.

म्हणून मी गप्प बसलो. सहा दिवसांचा प्रश्न होता. म्हटलं, एकदा कागद झाले की कोण कुठलं, काय करायचंय?

शुक्रवारी टीचर म्हणाल्या, "मला पण ने."

"कशाला, टीचर?"

"आज शब्बाथचे दिवे माझ्या घरात लावते. शेवटचे. मग विक नाहीतर पेटव."

दर शुक्रवारी संध्याकाळी ज्यूंच्या घरात हे दिवे लागतात. नाही कसं म्हणणार?

रिक्षातून उतरवलं. दाराच्या चौकटीवर त्यांची मेझुझा, देवाची वचनं आत ठेवलेली छोटी डबी. तिला बोटं लावून त्यांनी बोटं ओठाला लावली. मग आत पाऊल टाकलं आणि थबकल्या.

"कोण राहतंय रे इथे?"

मी सगळं ओकलो. म्हणजे नाटकाचं सगळं. नळ आणि फोडणी सोडून. टीचरने काठी सरळ माझ्या पोटरीवर हाणली.

"गाढवा! सातवीत नापास करायला हवं होतं तुला."

पण हसत होत्या. काठी टेकत टेकत फिरल्या. शर्ट बघितला, दप्तर उघडून बघितलं. फ्रिजपाशी थांबल्या.

"चित्र कोणी काढलं?"

"मीच."

"काठी उजव्या हातात दिलीयस. बरोबर आहे."

मला कळेना. मी जवळ गेलो.

तिघं काढली होती मी. बाप, आई, मुलगी.

चित्रात चौघं होती...

चौथी बाई म्हातारी. डोक्यावर पांढऱ्या खडूचे केस. उजव्या हातात काठी. डावा हात मुलीच्या हातात.

पांढरा खडू मी वापरलाच नव्हता.

मी म्हटलं, "टीचर, चला. दिवे माझ्या घरी लावा."

"गप्प उभा राहा," म्हणाल्या. टेबलावर दोन दिवे लावले. दोन्ही तळहात डोळ्यांवर धरले आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना सुरू केली.

बाहेर कोणीतरी षटकार मारला. पोरं ओरडली. मग शांत झालं.

आणि वर... आमच्या बरोबर डोक्यावर...

कोणीतरी पळालं.

लहान पावलं. धडधडधड खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग जिन्याच्या तोंडाशी थांबली.

टीचरने प्रार्थना पुरी केली. हात खाली घेतले. छताकडे असं बघितलं, जसं वर्गात शेवटच्या बाकाकडे बघायच्या.

"सावकाश," खणखणीत आवाजात म्हणाल्या. "पडशील."

वर क्षणभर काही नाही.

मग पावलं परत निघाली. हळू... शहाण्यासारखी... एकेक.

तेवढ्यात बेल वाजली. प्रणित, कीर्ती, तिचा नवरा, सासूबाई. माझ्या चेहऱ्याकडे बघून प्रणितचा पान चघळणारा जबडा थांबला. सासूबाई मात्र तरतरीत, कोणी काही बोलायच्या आत जिना चढून वर गेल्या.

मी "थांबा" म्हणेपर्यंत वर पोचल्या होत्या. वरून त्यांचा बोलण्याचा आवाज आला. कोणाशी तरी. मध्येच थांबायच्या, ऐकल्यासारख्या. मग "बरं, बरं" म्हणायच्या.

पाच मिनिटांनी खाली आल्या. तोंड उतरलेलं.

"चल गं, कीर्ती."

"काय झालं, आई?"

"वरच्या बाईंनी सांगितलं. घर विकायचं रद्द झालंय. आजी इथेच राहणार आहेत म्हणे."

कीर्ती माझ्याकडे वळली. "मग बोलावलंत कशाला आम्हाला? माणसं आहोत की कोण आहोत?"

मी जिन्याकडे बघत होतो.

ते निघून गेले. प्रणित आणि मी वर गेलो, एकमेकांचा हात धरून, दोन दांडगे बाप्ये. वरची खोली रिकामी. खिडकीला जाळी. जिना एकच. गादी, तीन उशा. दोरीवरचा गाऊन ठिबकत होता. खाली पाणी साचलेलं.

प्रणित पुटपुटला, "दादा, ह्याच्यातलं काय काय तुमचं हाय?"

"आता काहीच नाही," मी म्हटलं.

खाली टीचर खुर्चीत बसल्या होत्या. काठी भिंतीला टेकवून ठेवलेली. आता उठायचं नाही, अशी.

"चला टीचर, पाया पडतो."

"मी येत नाही."

"वर कोणी नाहीये हो!"

"माहितीये मला. तू सातवीत होतास तेव्हापासून तुझ्या थापा ओळखते."

"मग?"

त्या दिव्यांकडे बघत राहिल्या.

"बारा तास, धन्या. फरशीवर पडून हाका मारत होते मी. शमुएलला मारली. आईला मारली. घसा बसला. घरातून 'ओ' आली नाही. तिकडे तोवा दिवसभर ड्युटीवर असणार. तिकडे तरी कोण 'ओ' देणार?"

"तिकडे माणसं आहेत, टीचर. खरी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग जिन्याकडे मान वळवली आणि हाक मारली.

"अंकिता!"

हे नाव मी त्यांना सांगितलं नव्हतं. प्रणितशिवाय कोणालाच नाही.

वरून... अगदी गोड, जरा लांबवलेली...

"ओऽऽ."

मी पळालो.

लाज वाटते, पण लिहितोय. सत्तरीच्या बाईला तिथे बसवून मी पळालो. प्रणित माझ्या पुढे होता. त्याची एक सँडल गल्लीत राहिली.

अर्ध्या तासात दिपिकाला घेऊन परत आलो. दाराला आतून कडी. टीचर खिडकीत आल्या. "जा रे, जेवण झालंय माझं." मागून फोडणीचा वास. दिपिकाने पण घेतला तो वास. तिने माझा दंड असा धरला की चार दिवस निळा होता.

गुरुवारचं विमान टीचरशिवाय गेलं.

मी हार मानली नाही. टेम्पो घेऊन गेलो, सगळं नाटक उचललं. शर्ट, गाऊन, ब्रश, चपला, चित्र, गादी. टीचरने हू की चू केलं नाही. उलट म्हणाल्या, "ने. त्यांचं त्यांनी आणलंय आता."

पुढच्या सोमवारी तिथून गाडी काढली. वरच्या खिडकीतून दिसलं, दोरीवर एक पिवळा फ्रॉक वाळत होता.

फ्रॉक मी कधीच ठेवला नव्हता.

सोनाबाईला गाठलं. ती अजून जाते, पण भांडी मागच्या दारात बसून घासते, आत पाय ठेवत नाही.

"कोण दिसतं गं तुला?"

"मना कोनी नाय दिसत. पन भांडी चौघांची पडतात."

आणि टीचर? टीचर मस्त आहेत. अंग भरलंय. गुडघ्याचं नाव काढत नाहीत. मला खिडकीतून म्हणतात, "आत ये की रे, चहा टाकलाय." मी फाटकाशीच उभा राहतो. जुलै चाललाय, टेम्पो नेला त्या दिवसानंतर एकदाही आत गेलेलो नाही.

परवा दुपारी दुकानात होतो. तोवाचा फोन आला. आवाज हलका होता, बऱ्याच दिवसांनी.

"धनेशदादा, मी उगाच रागावले तुमच्यावर. काल आत्याशी व्हिडिओवर बोलले. किती छान दिसते! वरची खोली दाखवली मला. आत्या जिना चढत होती, काठी नाही काही नाही. ती छोटी मुलगी बोट धरून पुढे. कोण ती? फार गोड आहे, फक्त वळून बघत नाही."

"शेजारची," मी म्हटलं.

"आता मला काळजी नाही. राहू दे तिला तिथेच."

मी हातातली नंबरप्लेट खाली ठेवली.

"एक विचारू? आत्याचा एक हात त्या मुलीच्या हातात होता, दुसरा कठड्यावर. आणि दोघी फोनच्या पुढे चालत होत्या."

समोर हायवेला ट्रक थांबला होता. त्याचं इंजिन धडधडत होतं.

"मग फोन कोणी धरला होता, दादा?"

खरं सांगितलं असतं तर ती पुढच्या विमानाने आली असती. आणि त्या घरात गेली असती. कडी आतून निघाली असती आणि परत लागली असती.

म्हणून मी तोंडात येईल ते बोललो. आयुष्यभर तेच केलंय.

"मीच होतो. मीच धरला होता. मी असतो तिथे."

"हुश्श," ती हसली. "मला वाटलंच. माझा निरोप सांगा आत्याला."

फोन ठेवला आणि मग मला कळलं मी काय बोललो ते.

त्या घरात कोण राहतं, हे मी पुन्हा एकदा माझ्या तोंडाने सांगून बसलो होतो.

तेव्हापासून दिपिकाला सांगून ठेवलंय. घरात कुठेही असलो तरी दर तासाला मला हाक मार. मी "ओ" देतो का बघ.

आज सकाळी दोनदा मारली, म्हणते.

मी इथेच बसलो होतो. मला ऐकू आली नाही.